कशात किती? : द्रावणाची संहती सांगण्याच्या रीती

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी 'घरातील सर्वांना उपयोगी पडेल असे काहीतरी विज्ञानाचे लिहा' असा निरोप आम्हांस आला, तेव्हा आम्ही थोडे विचारात पडलो. रसायनशास्त्राच्या शिक्षकाजवळ घरी उपयोगी पडेल असे असते तरी काय? परीक्षानळ्या, ब्यूरेट, लिटमसचे कागद आणि पाठ करावयाची समीकरणे! शाळा सुटली की विद्यार्थी ते सारे विसरतो आणि त्याचे काही अडत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. एका पावसाळ्यापर्यंत आमचाही तोच होता.

नंदगडास पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडीप नसते, आणि नव्या पाण्याबरोबर पोटाची दुखणी येतात. त्या वर्षी आमच्या धाकट्या मुलास जुलाब सुरू झाले. आम्ही दुकानातून क्षार-साखरेची पुडी, जिला सर्वजण ओआरएस म्हणतात, ती आणली. एवढ्याशा पोराच्या पोटात लिटरभर पाणी कोठे मावणार, पेल्यातच कालव, असे अम्मीचे म्हणणे पडले. आम्हांलाही ते पटले व सबंध पुडी एका पेल्यात ढवळली. मुलाने दोन घोट घेतले, तोंड वाकडे केले आणि साधे पाणी मागू लागला. तेवढ्यात शेजारच्या परिचारिकाबाई आल्या. त्यांनी विचारले, "सर, पुडी किती पाण्यात घातली?" आम्ही पेला दाखविला. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पेला मोरीत ओतला, दुसरी पुडी मागितली आणि लिटरची बाटली उकळून निवविलेल्या पाण्याने भरून घेतली. दोन दिवसांत मुलगा खेळू लागला. पण त्याच आठवड्यात नववीच्या वर्गात द्रावणाच्या संहतीचा धडा आम्ही मोठ्या उत्साहाने शिकविला होता, ही गोष्ट आम्ही बाईंना सांगितली नाही. आज सांगतो.

आता विषयाकडे वळू. जो पदार्थ विरघळतो तो द्राव्य, ज्यात विरघळतो तो द्रावक, आणि दोहोंचे मिळून होते ते द्रावण. द्रावणाच्या ठरावीक भागात द्राव्य किती आहे, या प्रमाणास संहती म्हणतात; जुन्या पुस्तकांत 'तीव्रता' असा शब्द आढळतो. घरात आपण ही गोष्ट जिभेने मोजतो. रमजानात इफ्तारीसाठी डेगचीभर सरबत होते. कोणी म्हणतो पाणचट झाले, कोणी म्हणतो गोड झाले, आणि दोघेही एकाच डेगचीतले पितात. मिठाला मराठीत मीठ म्हणा, कन्नडात उप्पु म्हणा की आमच्या घरच्या दखनीत नमक म्हणा, खारटपणा तोच; पण 'जरा खारट' म्हणजे किती, हे कोणत्याच भाषेत ठरत नाही. तेथे आकडा लागतो. आणि नुसता आकडाही पुरत नाही, ही या लेखातील मुख्य गोष्ट होय. 'कशात किती' यांपैकी 'किती' आपण लक्षात ठेवतो आणि 'कशात' विसरतो. आमच्या पेल्याची चूक ती हीच.

सर्वांत परिचयाची रीत शेकडेवारीची. परंतु शेकडा एकच असला तरी त्याचे अर्थ तीन होतात. वजनात वजन हा पहिला अर्थ. साखरेचा १० टक्के पाक म्हणजे १०० ग्रॅम पाकात १० ग्रॅम साखर. येथे विद्यार्थी हमखास घसरतात. १०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम साखर घातली तर पाक ११० ग्रॅमचा होतो आणि साखर ठरते सुमारे ९.१ टक्के. भागावयाचे ते पाण्याने नव्हे, एकूण द्रावणाने. बेळगाव जिल्ह्यात उसाचे कारखाने अनेक आहेत. तेथे रसाचा 'ब्रिक्स' काढतात, तो याच जातीचा आकडा. ब्रिक्स २० म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात २० ग्रॅम साखर. मात्र उसाच्या रसात साखरेखेरीज इतरही विरघळलेले पदार्थ असतात, म्हणून रसाचा ब्रिक्स म्हणजे निव्वळ साखर असे समजणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब कारखान्याच्या उताऱ्याशी जुळत नाही.

दुसरा अर्थ आकारमानात आकारमान. दोन द्रव मिसळताना तो सोयीचा असतो. २०२० साली करोनाच्या साथीत हाताला लावण्याचे जंतुनाशक घरोघर आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीप्रमाणे त्यात इथिल अल्कोहोल ८० टक्के असते, ते आकारमानाने. त्याच द्रावणातील अल्कोहोल वजनाने मोजले तर ते सुमारे ७३ ते ७४ टक्के भरते, कारण अल्कोहोल पाण्याहून हलके आहे. म्हणजे एकाच बाटलीवर दोन वेगळे आकडे लिहिले तरी दोन्ही खरे! यात आणखी एक गंमत आहे. ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर अल्कोहोल एकत्र केले तर १०० मिलिलिटर भरत नाहीत, तीन-चार मिलिलिटर कमी भरतात. दोहोंचे रेणू एकमेकांच्या फटीत बसतात, असे स्थूलमानाने समजावे. यास्तव अशी द्रावणे करताना अल्कोहोल आधी मोजून घेतात आणि मग खुणेपर्यंत पाणी भरतात.

तिसरा अर्थ आकारमानात वजन, आणि औषधांत व शेतीत चालतो तो बहुधा हाच. दवाखान्यात शिरेतून देतात ते सलाईन ०.९ टक्के असते, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम किंवा लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ. सुपारीच्या कोळेरोगावर बागायतदार १ टक्का बोर्डो मिश्रण फवारतात. त्यात १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना असे प्रमाण असते. येथे 'कशात' बरोबर 'कोणते' हेही विचारावे लागते. मोरचुदाच्या निळ्या स्फटिकांत शेकडा ३६ भाग पाणीच असते आणि तांबे जेमतेम पाव हिस्सा. एक टक्का म्हणजे एक टक्का मोरचूद, एक टक्का तांबे नव्हे.

विरळ द्रावणांत पहिला आणि तिसरा अर्थ जवळपास सारखे येतात, कारण लिटरभर पाणी किलोभर भरते. दाट द्रावणांत मात्र ते फार फाकतात. शाळेतील संहत गंधकाम्ल वजनाने ९८ टक्के असते व त्याची घनता १.८४ असते. म्हणजे त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये १८० ग्रॅम आम्ल झाले. तिसऱ्या रीतीने सांगावयाचे तर ते १८० टक्के होईल! मुले हसतात, आणि शेकडा शंभराच्या वर गेलाच कसा असे विचारतात. त्यांनी विचारले की आम्हांस धडा पोहोचल्यासारखा वाटतो.

येथवर सारे तराजूचे काम झाले. परंतु रसायनशास्त्रात कणांची गणती लागते. बाजारात आपण तांदूळ वजनावर घेतो, पण नारळ नगावर घेतो. रेणूंचा व्यवहार नारळासारखा आहे. त्यांचा 'डझन' म्हणजे मोल. एका मोलात सुमारे ६०२ वर एकवीस शून्ये इतके कण असतात. २०१९ च्या मे महिन्यापासून ही संख्याच ठरवून दिलेली आहे आणि मोलाची व्याख्या तीवरून होते. इतके कण मोजीत कोणी बसत नाही. पदार्थाचा रेणुभार ग्रॅममध्ये तोलला की एक मोल होतो. मिठाचे ५८.५ ग्रॅम आणि ग्लुकोजचे १८० ग्रॅम यांतील गणती सारखी. लिटरभर द्रावणात जितके मोल, तितकी त्याची मोलरता. वरच्या गंधकाम्लाचे पाहा: एक लिटर म्हणजे १८४० ग्रॅम, त्याचे ९८ टक्के १८०३ ग्रॅम, त्यास रेणुभार ९८ ने भागले की १८.४ मोलर. त्यापासून ५०० मिलिलिटर १ मोलर द्रावण करण्यास ५०० भागिले १८.४, म्हणजे सुमारे २७ मिलिलिटर आम्ल पुरते. ते सावकाश पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये; एवढ्या एका वाक्यासाठी आमचा घसा कितीदा बसला असेल.

मोलरतेची दोन भावंडे आहेत. किलोभर द्रावकात किती मोल, हे सांगते ती मोललता. तापमानाने द्रव फुगला तरी वजन बदलत नाही, म्हणून गोठणबिंदूसारख्या प्रयोगांत ती वापरतात. दुसरी नॉर्मलता. तीत आम्लाचा एक रेणू किती हायड्रोजन देऊ शकतो हे धरलेले असते, म्हणून १ मोलर गंधकाम्ल २ नॉर्मल होते. एकच पदार्थ निरनिराळ्या क्रियांत निरनिराळा वागतो, त्यामुळे हे माप आता नव्या पुस्तकांतून मागे पडले आहे. आमच्या पिढीने मात्र प्रयोगशाळेत नॉर्मलतेवरच दिवस काढले. 'नॉर्मल सलाईन' या नावाशी तिचा संबंध नाही. ते सलाईन १ नॉर्मल नसून ०.१५४ नॉर्मल असते.

मोलाचे हे सारे पाठ करून घरी काय उपयोग, असे कोणी म्हणेल. तर ऐका. विलायतेस राहणाऱ्या आमच्या मावसभावाने एकदा फोनवर कळविले की उपाशीपोटी रक्तातील साखर ७ आली. इकडे घरात गोंधळ उडाला. आमच्याकडे शंभर-सव्वाशेचे आकडे ऐकण्याची सवय. सात म्हणजे साखर संपलीच की, त्याला ताबडतोब काहीतरी गोड खायला सांगा, असा सल्ला एका वडीलधाऱ्यांनी दिलाही. वास्तविक फरक फक्त 'कशात किती' याचा होता. आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम ग्लुकोज हे लिहितात. तिकडे लिटरमध्ये किती मिलिमोल हे लिहितात. ग्लुकोजचा रेणुभार १८०, म्हणून तिकडच्या आकड्यास १८ ने गुणले की इकडचा आकडा येतो. सात गुणिले अठरा, एकशे सव्वीस. साखर संपलेली नव्हती; उपाशीपोटीचा १२६ हा आकडा म्हणजे मधुमेह मानण्याची हद्दच. भावास मिठाईऐवजी डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले. ज्यांची मुले, जावई परदेशी आहेत, त्यांनी हा अठराचा आकडा कोठेतरी टिपून ठेवावा.

आता तो पेला. आजच्या ओआरएसच्या एका लिटरच्या पुडीत जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली सुधारलेल्या प्रमाणाप्रमाणे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, असे एकूण २०.५ ग्रॅम असतात. वजने पाहिली तर ग्लुकोज मिठाच्या पाचपट दिसते आणि त्यात काही संगती लागत नाही. मोलात मांडले की उलगडा होतो: लिटरमध्ये सोडियम ७५ मिलिमोल, ग्लुकोजही ७५ मिलिमोल. आतड्याचे अस्तर सोडियम व ग्लुकोज यांना जोडीने आत घेते आणि त्यांच्यामागून पाणी जाते, म्हणून गणती बरोबरीची ठेवली आहे. सर्व कणांची बेरीज लिटरला २४५ मिलिमोल होते. रक्तात हीच बेरीज २९० च्या आसपास असते. म्हणजे द्रावण रक्तापेक्षा किंचित विरळ राहते आणि पाण्याचा ओघ आतड्यातून शरीराकडे जातो.

हीच पुडी २०० मिलिलिटरच्या पेल्यात घातली की प्रत्येक आकडा पाचपट होतो. बेरीज १२२५, रक्ताच्या चौपट. सोडियम ३७५, समुद्राच्या पाण्यात ते ४७० च्या सुमारास असते. आम्ही मुलास औषध समजून जवळपास गोव्याच्या किनाऱ्यावरचे पाणी पाजीत होतो. अशा पाण्याने ओघ उलटा फिरतो, शरीरातले पाणी आतड्यात ओढले जाते व जुलाब वाढतात. तोंड वाकडे करून पेला ढकलणाऱ्या त्या पोरास बापापेक्षा अधिक रसायन कळत होते, असेच म्हणावे लागेल.

या साध्या द्रावणाचा मोठेपणा १९७१ साली जगास दिसला. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ होती आणि शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडू लागले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यास ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम व खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम या प्रमाणाने पुड्या बांधवून ते पाणी आप्तांच्या हातून तोंडाने पाजण्यास लावले. शेकडा ३० च्या आसपास असलेला मृत्यूंचा आकडा त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत ३.६ वर आला. डॉक्टरसाहेब २०२२ साली निवर्तले, व २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. पुडी हाताशी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा लहान चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण आहे. 'सपाट' हा शब्द माताभगिनींनी विसरू नये. बाजारात २०० मिलिलिटरची छोटी पुडीही मिळते, म्हणून पुडीवरील पाण्याचा आकडा दर वेळी वाचावा. ओआरएस असे नाव छापलेली गोड पेयेही खोक्यांतून विकली जात. प्रमाणात न बसणाऱ्या पेयांवर हे नाव छापण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरात मनाई केली.

औषधाच्या बाटल्यांवरही हेच पाहावे. मुलांच्या तापाचे पॅरासिटामॉल पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचे मिळते, तसेच २५० चेही मिळते. थेंबांच्या लहान बाटलीत तर एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असते, म्हणजे पाच मिलिलिटरला ५००. बाटली लहान म्हणून औषध सौम्य, हा समज उलटा आहे. 'मागच्या वेळी एक चमचा दिले होते' हे वाक्य बाटली बदलली की निरर्थक ठरते. इन्सुलिनचे त्याहून जपावे. एका मिलिलिटरला ४० एककांचे इन्सुलिन असते व १०० एककांचेही असते, आणि त्यांच्या सुया निराळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० एककांचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सुईत २० च्या खुणेपर्यंत ओढले तर २० ऐवजी ५० एकके पोटात जातात. एवढ्याने माणूस बेशुद्ध पडू शकतो. बाटली व सुई दोन्ही दुकानदारासमोर ताडून घ्याव्यात.

राहता राहिले अतिविरळ द्रावणांचे माप. पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड किंवा क्लोरीन शेकड्यात सांगू लागलो तर दशांश चिन्हापुढे शून्येच शून्ये होतील. म्हणून तेथे दशलक्षात किती भाग हे सांगतात. लिटरभर पाणी म्हणजे दहा लाख मिलिग्रॅम. तेव्हा लिटरला एक मिलिग्रॅम म्हणजे दशलक्षात एक भाग. भारतीय मानकाप्रमाणे फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. उत्तर कर्नाटकाच्या कोरड्या भागात कूपनलिकांचे पाणी ही हद्द ओलांडते आणि मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात. १ आणि ३ यांतील फरक जिभेला कळत नाही, पण हाडांना कळतो.

आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात. ती 'दोन मुठी' टाकतात, आणि मुठी कोणाच्या हे सांगत नाहीत. तिचा हिशेब असा. विहीर ४ मीटर व्यासाची व पाणी ३ मीटर खोल असेल, तर ३.१४ गुणिले ४ गुणिले ४ गुणिले ३ भागिले ४, म्हणजे ३७.७ घनमीटर, अर्थात सुमारे ३७,७०० लिटर पाणी झाले. हजार लिटरला २.५ ग्रॅम या सर्वसाधारण प्रमाणाने पावडर लागते ९४ ग्रॅम. ताज्या पावडरीत उपयोगी क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो. म्हणजे लिटरला ०.८ मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन पडला. पाणी गढूळ असेल तर तो आधी घाणीतच खर्ची पडतो व मात्रा वाढवावी लागते. शिवाय पिशवी उघडी, ओलीत राहिली की क्लोरीन उडून जातो. तो १५ टक्क्यांवर उतरला असेल, तर त्याच विहिरीस ९४ ऐवजी २०७ ग्रॅम पावडर हवी. मागील साली वापरून उरलेल्या पिशवीतील 'दोन मुठी' म्हणजे पुष्कळदा नुसता चुना असतो, आणि औषध टाकले या समाधानात लोक पाणी भरतात.

पावडर सरळ विहिरीत फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून, मग पाणी वाढवून, दहा मिनिटे चुना तळाशी बसू द्यावा. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यावी, ती बादली दोरीने विहिरीत सोडून वर-खाली व सभोवार हलवावी, आणि खालचा गाळ विहिरीपासून दूर टाकावा. एक तासाने नमुना घेऊन रंगाच्या कसोटीने क्लोरीन पाहावा, लिटरला ०.५ मिलिग्रॅम शिल्लक असेल तर पाणी भरण्यास हरकत नाही. आमच्या गल्लीतील विहिरीच्या कठड्यावर तिचा व्यास आम्ही तेलरंगाने लिहून ठेवला आहे. पाण्याची खोली मात्र दर वेळी दोरी टाकूनच मोजावी लागते.